साइडिंगचा रंग नंतर, आधी भिंत उघडा

वाचकाचं पत्र:

"दोन वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीत मेटचनला १९२७ सालचं दुमजली घर घेतलं. बाहेरच्या भिंतींवर पांढरं व्हिनाइल साइडिंग, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं आवरण, आहे. ते पिवळट पडलंय, आणि गेल्या उन्हाळ्यात ग्रिल भिंतीजवळ ठेवल्यामुळे मागच्या बाजूला चक्क वितळून गोळा झालंय. आता फायबर सिमेंट बसवायचं ठरवलं आहे. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, जुनं काही काढायला नको, त्यावरच बसवून देतो, ३१ हजार डॉलर. दुसरा म्हणतो, सगळं काढल्याशिवाय मी हात लावणार नाही. ४६ हजार, शिवाय आत काय निघेल त्याचे वेगळे. वितळलेल्या जागेतून आत डोकावलं तर राखाडी, कडक फरश्यांसारखं काहीतरी दिसतं, खालची कड लहरी. नवरा म्हणतो, मंडळातल्या चार मित्रांना घेऊन शनिवार-रविवारी आपणच करू, यूट्यूबवर सगळं आहे. मुलगा सव्वा वर्षाचा आहे. जूनमध्ये सासू-सासरे पाच महिन्यांसाठी येताहेत. काय करावं?"
एक वाचक, मेटचन

नमस्कार,

तुम्ही विचारलंय फायबर सिमेंटबद्दल, पण पत्रातली महत्त्वाची बातमी त्या राखाडी फरश्यांची आहे आणि ती तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे. मी तिथूनच सुरू करतो.

साधारण एक फूट उंच, दोन फूट रुंद, खालची कड लहरी, कडक आणि ठिसूळ. १९२७ च्या घरावर व्हिनाइलखाली अशा फरश्या निघाल्या की त्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या आहेत असं धरून चालायचं, प्रयोगशाळा 'नाही' म्हणेपर्यंत. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत या फरश्या भरपूर लागल्या. जळत नाहीत, कुजत नाहीत, वाळवी लागत नाही, ही त्यांची ख्याती. बहुतेक ठिकाणी मूळच्या लाकडी फळ्या काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, त्यांच्यावरच ठोकल्या. पुढे कुणीतरी त्यावर व्हिनाइल चढवलं. म्हणजे तुमच्या घरानं बहुधा एकावर एक तीन अंगरखे घातले आहेत आणि तुमचा पहिला कॉन्ट्रॅक्टर चौथा चढवायला निघालाय.

गंमत अशी की तुम्ही जे विकत घेणार आहात ते याच फरश्यांच्या घराण्यातलं आहे. सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचा पातळ लगदा करून त्याचे थरावर थर चढवत पत्रा बनवायची पद्धत लुडविग हॅचेक या ऑस्ट्रियन माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधली. आपल्याकडे गावोगावी गोठ्यांवर, शाळांवर दिसायचा तो सिमेंटचा पत्रा त्याच कुळातला. अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसाला काय करतं हे उघड झाल्यावर ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हार्डी कंपनीनं १९८० च्या दशकात अ‍ॅस्बेस्टॉसऐवजी लाकडाच्या लगद्याचे तंतू वापरून तसाच माल काढला, आणि तोच पुढे अमेरिकेत साइडिंग म्हणून रुजला. आजच्या फळीत पोर्टलँड सिमेंट, वाळू, पाणी आणि सेल्युलोज असतं. दाबाखालच्या वाफेत ती पक्की केलेली असते. अ‍ॅस्बेस्टॉस नसतं. तेव्हा नव्या मालाला घाबरू नका. ग्रिलनं तो वितळणार नाही, वाळवी खाणार नाही, आणि सुतारपक्षीही दमून दुसरीकडे जाईल.

आता पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचं. त्याला नम्रपणे नाही म्हणा.

व्हिनाइल भिंतीला घट्ट ठोकलेलं नसतं. थंडीत आखडतं, उन्हात पसरतं, म्हणून मुद्दामच खिळ्यांवर सैल लटकवलेलं असतं. बोटानं दाबून बघा, आत जातं. फायबर सिमेंटची फळी १२ फूट लांब, जेमतेम ५/१६ इंच जाड आणि वाकवली की मोडणारी. तिला पाठीमागे सपाट आणि टणक आधार लागतो. शिवाय ती जड आहे, चौरस फुटाला साधारण २.३ पौंड. तुमच्या भिंती १,८०० चौरस फूट धरल्या तर चार हजार पौंडांच्या वर वजन झालं. हे सगळं वजन खिळ्यांनी भिंतीतल्या उभ्या खांबांवर, म्हणजे स्टडवर, पोचवायचं असतं. मध्ये व्हिनाइल, त्यामागची पोकळी, फरशी, जुनी फळी आणि शीदिंग (स्टडवर ठोकलेला आतला लाकडी थर) हे सगळं असेल तर खिळ्याची दोनेक इंच लांबी नुसती वाट तुडवण्यात जाते, आणि पोकळ जागी फळी आत ओढली जाऊन तडकते. वर प्रत्येक खिळा अ‍ॅस्बेस्टॉसची एकेक फरशी फोडत जाणार. उत्पादकाच्या सूचनांमध्ये हे बसत नाही, त्यामुळे वॉरंटीही गेली. खिडक्यांचं तर विचारू नका. चौथा थर चढल्यावर त्या भिंतीत अशा रुततील की घर डोळे खोल गेलेल्या माणसासारखं दिसेल.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. त्यासाठी थोडं कोकणात जाऊ.

आमच्या गावी मे महिन्याच्या शेवटी आजी माडाची झापं विणून घ्यायची आणि पश्चिमेच्या मातीच्या भिंतीवर त्यांची झड बांधून घ्यायची. पावसाचा मारा तिकडूनच. माझं लहानपणीचं शहाणपण असं की झड भिंतीला अगदी चिकटवून बांधावी, म्हणजे पाणी आत जाणार नाही. आजी ती मुद्दाम वीतभर लांब ठेवायची. झापांतून पाणी थोडं आत येणारच हे तिनं गृहीत धरलेलं होतं. आलेलं पाणी खाली गळून गेलं पाहिजे आणि मधून वारा खेळला पाहिजे, एवढंच तिला हवं असायचं.

साइडिंग म्हणजे ती झड. सिमेंटची असो, व्हिनाइलची असो, तिच्या सांध्यांतून, खिडकीच्या कडांतून थोडं पाणी मागे जातंच. भिंत कोरडी ठेवायचं काम त्यामागचा थर करतो: हाउसरॅप (भिंतीभोवती गुंडाळलेलं, पाणी अडवणारं कापड), खिडक्यांवरचं आणि छपराच्या कडेचं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या), आणि पाण्याला बाहेर पडायला ठेवलेली वाट. तुमच्या घरात हा थर १९२७ साली घातलेल्या कागदाचा असेल, किंवा नसेलही. जुन्या घरांचं हे खपून गेलं, कारण भिंती पोकळ आणि फटींच्या होत्या. घरातली ऊब त्यांतून झिरपायची आणि ओल सुकवायची. तुम्ही आता बाहेरून घट्ट, जाड काहीतरी लावणार, पुढेमागे आत इन्सुलेशनही भरणार. मग ओल सुकणार कशानं? म्हणून म्हणतो, आधी भिंत उघडा. ३१ आणि ४६ हजारांतला फरक त्या उघडण्याचा आहे, फळ्यांचा नाही. पैसे कमी पडत असतील तर यंदा फक्त दोन बाजू करा, पण त्या मुळापासून करा.

उघडायचं म्हणजे कसं, हे मात्र नीट ऐका, कारण घरात सव्वा वर्षाचं मूल आहे.

व्हिनाइल निरुपद्रवी आहे, ते निघेल. मग फरश्या. अखंड, न फुटलेली अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटची फरशी भिंतीवर असताना फारसा त्रास देत नाही. तंतू सिमेंटमध्ये पकडलेले असतात. त्रास होतो तो फोडताना, कापताना, ड्रिल मारताना, घासताना. म्हणून आधी एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. नमुनाही माहीतगार माणसालाच काढू द्या. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर त्या कामाचा परवाना असलेल्या कंपनीकडून फरश्या काढून घ्या. ते लोक फरशी ओली करतात, खिळे कापून ती अख्खी उतरवतात, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेमून दिलेल्या लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागी, नेतात. कुणी म्हणालं, "रात्री डंपस्टरमध्ये टाकून देऊ," तर त्या माणसाला घरी पाठवा. विल्हेवाटीचे नियम नगरपालिकेच्या ऑफिसात विचारून घ्या, आणि विल्हेवाटीचा कागद जपून ठेवा. उद्या घर विकताना तो दाखवता येतो.

फरश्या तशाच ठेवून त्यांच्यावर हाउसरॅप आणि उभ्या लाकडी पट्ट्या मारून त्यावर साइडिंग करणारेही आहेत, आणि काही घरांत ते चालून जातं. तुमच्या बाबतीत मला ते पटत नाही. खाली काय कुजलंय ते कळणार नाही, पट्ट्या मारताना फरश्या फुटणारच, आणि खिडक्यांचं खोल जाणं आहेच.

फरश्यांखाली मूळच्या लाकडी फळ्या निघतील, बहुधा सीडरच्या, आणि त्यांच्यावर रंग असेल. तो शिशाचा धरून चाला. घरांसाठीच्या रंगात शिसं वापरायला अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. १९४० च्या आधी बांधलेल्या घरांपैकी सुमारे ८७ टक्के घरांत कुठे ना कुठे शिशाचा रंग सापडतो असं पर्यावरण खातं, म्हणजे ईपीए, सांगतं. माझ्या मते तुमच्या घरातला हा धोका अ‍ॅस्बेस्टॉसपेक्षा मोठा आहे. रांगणारं मूल जमिनीवर हात ठेवतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशाची धूळ दिसत नाही, तिला वास नाही.

२०१० पासून असा नियम आहे की १९७८ पूर्वीच्या घरात बाहेरून २० चौरस फुटांपेक्षा जास्त रंगवलेला भाग उखडायचा असेल तर पैसे घेऊन काम करणारी कंपनी ईपीएकडून 'लेड-सेफ' प्रमाणित हवी. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे ते प्रमाणपत्र मागा, आणि कामावर हजर राहणाऱ्या प्रशिक्षित माणसाचंही मागा. काम कसं चाललंय ते तुम्हालाही ओळखता येईल: भिंतीपासून किमान १० फुटांपर्यंत जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलेलं असलं पाहिजे, २० फुटांच्या आतली दारं-खिडक्या बंद, कचरा रोज बांधून झाकलेला. रंग ज्योतीनं जाळणं आणि धूळ ओढून न घेता मशिननं घासणं, दोन्ही मना. कुणी बूट घालून तसाच घरात पाणी प्यायला आला तर दारातच अडवा. आपल्या घरी चपला बाहेर काढायची पद्धत आहे, तिचा इथे खरा उपयोग.

मुलाच्या डॉक्टरांशी बोला. न्यू जर्सीत १२ आणि २४ महिन्यांच्या मुलांची रक्तातल्या शिशासाठी तपासणी करावी लागते, म्हणजे एक तपासणी झालेली असायला हवी. तो आकडा शोधून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा तपासलं तर तुलनेला काहीतरी असेल. फरश्या आणि जुन्या फळ्या निघत असतानाचा आठवडाभर मुलाला घेऊन कुणाकडे तरी राहायला जाता आलं तर उत्तम.

अजून एक. तुमच्या पत्रात नाही, पण मी अंदाज करतो की भिंतीलगतच्या वाफ्यात कोथिंबीर, मेथी लावली असेल. नसेल तर सासूबाई आल्यावर लावतीलच. जुन्या घराच्या भिंतीलगतच्या मातीत वर्षानुवर्षं खरवडलेला रंग पडलेला असतो. रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा तुमच्या जवळच आहे आणि ती शिशाचीही तपासणी करते. निकाल येईपर्यंत कोथिंबीर कुंडीत.

फळ्यांपर्यंत पोचल्यावर मात्र एक दिवस थांबा. काम थांबवून घराभोवती एक चक्कर मारा. कधी कधी या मूळच्या सीडरच्या फळ्या इतक्या चांगल्या निघतात की त्या काढणं जिवावर येतं. तसं असेल तर खराब तेवढ्या बदलून, नियमांनुसार साफ करून, रंगवून मूळचं घर परत मिळवता येतं. मग फायबर सिमेंट हवंच कशाला? दर काही वर्षांनी रंगाचा खर्च आणि शिशाची काळजी मात्र तुमच्यामागे राहील. लहान मूल असलेल्या घरात मी स्वतः फळ्या काढून टाकण्याकडे झुकेन, पण हा निर्णय बघून करण्याचा आहे, आणि करारात त्याला जागा ठेवा. तुमचा रस्ता ऐतिहासिक विभागात येतो का, तेही नगरपालिकेत विचारून घ्या. येत असेल तर बाहेरच्या बदलांना त्यांची संमती लागू शकते.

फळ्याही निघाल्या की खाली त्या काळचं शीदिंग दिसेल. १९२७ ला प्लायवूडचे तक्ते मारायची पद्धत नव्हती. आडव्या किंवा तिरक्या पाऊण-एक इंची फळ्या असतात, मध्ये फटी. दोन स्टडच्या मध्ये मारलेला खिळा नेमका फटीत जाऊ शकतो. म्हणून स्टड शोधून त्यांच्या रेषा हाउसरॅपवर ठळक आखायला सांगा. इतक्या जुन्या घरात स्टड दर १६ इंचांवर इमानदारीत बसलेले असतीलच असं नाही. भिंतही सपाट नसते. कुठे पोट सुटलेलं, कुठे खळगा. व्हिनाइल हे सगळं झाकून घेतं. फायबर सिमेंट चहाडी करतं, तिरक्या उन्हात प्रत्येक लाट दिसते. चांगला सुतार दोरी लावून बघतो आणि पातळ पट्ट्या सारून भिंत सरळ करतो. हे काम वेळखाऊ आहे, आणि त्याचे पैसे मागितले तर घासाघीस करू नका.

इन्सुलेशन भरायचं असेल तर याहून चांगली वेळ मिळणार नाही, बाहेरून भोकं पाडून सेल्युलोज भरता येतं. पण त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्या काळच्या घरांत चिनीमातीच्या बोंड्यांवर ताणलेल्या सुट्या तारांचं वायरिंग असायचं, 'नॉब अँड ट्यूब'. ते भोवतालच्या हवेनं थंड राहतं. त्याच्याभोवती इन्सुलेशन कोंबणं म्हणजे आगीला आवतण. तसं वायरिंग चालू असेल तर आधी ते बदला, मग भरा.

आता बसवण्याबद्दल. सगळं सांगत बसलो तर अंक भरेल. जिथे लोक हमखास चुकतात तेवढंच सांगतो.

पहिली जागा तुमच्या पोर्चची. पोर्चचं उतरतं छप्पर भिंतीला लागून खाली येतं आणि जिथे गटर (छपराच्या कडेची पन्हळ) सुरू होतं, तिथे छपरावरून आलेलं पाणी गटरात न पडता भिंतीत शिरतं. तिथे पाण्याला बाहेर ढकलणारी पत्र्याची वळवलेली पट्टी लागते, किकआउट फ्लॅशिंग. दहा-वीस डॉलरची वस्तू. मी गेली वीस-बावीस वर्षं या राज्यात घरं तपासतोय, आणि कुजलेली भिंत दाखवा म्हटलं तर मी आधी त्या कोपऱ्यात जातो.

दुसरी खिडक्यांच्या डोक्यावर. तिथे मला बोलायचा हक्क आहे कारण ती चूक माझ्याच घरात झाली. माझ्या १९३१ च्या घराला साइडिंग केलं तेव्हा मी दोन आठवडे भारतात होतो. परत आलो तर काम सुबक, रंग छान, खिडकीच्या वरची फट कॉकिंगनं, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणानं, भरलेली. फ्लॅशिंग घातलंच नव्हतं. मी घरं तपासणारा माणूस, पण स्वतःच्या घरी शिडी लावून पाहिलं नाही. तीन हिवाळ्यांनी जेवणाच्या खोलीतल्या खिडकीखाली प्लास्टर फुगलं. उघडलं तर आतलं लाकूड चमच्यानं काढता येईल असं. खिडकीच्या वर पत्र्याची पट्टी हवी, तिचा वरचा काठ हाउसरॅपच्या मागे हवा, आणि पट्टी व साइडिंग यांच्यामध्ये पाव इंच फट मोकळी हवी. ती फट भरायची नाही. कॉकिंगची बंदूक हातात आली की माणसाला प्रत्येक फट भरायचा मोह होतो, आणि आत आलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट तोच बुजवतो.

तिसरी जमिनीजवळ. फळीची खालची कड मातीपासून किमान ६ इंच वर, आणि छप्पर, पायऱ्या, डेक, ड्राइव्हवे यांच्यापासून २ इंच वर हवी. इथे बर्फ साचतो, वितळतो, पुन्हा गोठतो. ओल्या कडेला हा मालही थरांनी सुटतो. जुन्या घरांच्या भोवती शंभर वर्षांत माती चढलेली असते, त्यामुळे सहा इंच मिळत नाहीत. अशा वेळी कॉन्ट्रॅक्टर फळी खाली ओढतो. तुम्ही माती खाली करायला सांगा.

खिळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर चढवलेले) किंवा स्टेनलेस, फळीच्या वरच्या कडेपासून एक इंचावर, डोकं पृष्ठभागाशी बरोबर टेकलेलं. नेलगनचा, म्हणजे खिळे ठोकायच्या बंदुकीचा, दाब जास्त असला की डोकं आत घुसतं आणि फळी त्या जागी तुटलेलीच समजा. वरची फळी खालचीवर किमान सव्वा इंच चढली पाहिजे. दोन फळ्या जिथे टोकाला टोक भिडतात तिथे मागे सहा इंच रुंद पट्टी घालायला सांगा. बरेच जण टाळतात, कारण झाकल्यावर कुणाला दिसत नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला रंग किंवा प्रायमर. माल ड्राइव्हवेत येऊन पडेल तेव्हा तो सपाट, जमिनीपासून वर आणि झाकलेला आहे ना हे रोज संध्याकाळी बघा. ओली फळी बसवली की ती सुकताना आखडते आणि सांधे उघडतात. थंड प्रदेशासाठीचा माल वेगळा येतो, ऑर्डरवर तेही लिहून घ्या. रंगाचं म्हणाल तर कारखान्यातून रंगवून आलेला माल महाग पण मला तोच आवडतो. नुसता प्रायमर लावलेला घेतलात तर साधारण सहा महिन्यांच्या आत रंगवावा लागतो, आणि आपल्याकडची माणसं "पुढच्या वसंतात करू" म्हणतात.

आता तुमच्या यजमानांविषयी. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडला. कायदाही त्यांच्या आड येत नाही: स्वतः राहत असलेल्या घरात मालकानं स्वतःच काम केलं तर ईपीएचा तो नियम लागू होत नाही. पण शिशाला कायदा वाचता येत नाही. शनिवारी फरश्या फोडून त्याच कपड्यांत मुलाला उचलून घ्यायचं, हे चित्र डोळ्यासमोर आणा. फरश्या आणि जुना रंग यांना त्यांनी हात लावू नये, इथे तडजोड नाही.

त्यांना गॅरेज द्या. मागे वेगळं गॅरेज असेल, पुढेमागे बांधलेलं, साधं, तर ते त्यांना आणि मंडळाच्या चार मित्रांना मोकळं सोडा. तिथेही आधी रंग तपासून घ्या. दोन शनिवारांत त्यांना कळेल की १२ फुटी फळी आडवी धरली की मधून मोडते, उभ्या कडेवर दोघांनी धरून न्यावी लागते; आणि मग घराचं काम चालू असताना ते कॉन्ट्रॅक्टरला योग्य ठिकाणी प्रश्न विचारतील. फळ्या कापण्याबद्दल मात्र बजावून सांगा. यात वाळू आहे, म्हणजे सिलिका. साध्या करवतीनं कापल्यावर उडणारी ती बारीक धूळ दगडखाणीत, खडी क्रशरवर काम करणाऱ्यांना होतो तो सिलिकोसिस देऊ शकते. कात्रीसारखं यंत्र भाड्यानं मिळतं, त्यानं कापलं तर धूळ फार कमी उडते. करवत वापरायचीच तर या मालासाठी बनवलेलं पातं, धूळ ओढणारी जोडणी आणि योग्य मास्क. आणि उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब. गॅरेजच्या आत तर नाहीच नाही.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं "आत काय निघेल त्याचे वेगळे" हे वाक्य प्रामाणिक आहे, पण ते उघडं ठेवू नका. शीदिंगची फळी बदलायचे फुटाला किती, स्टडला जोड द्यायचे किती, खिडकीची चौकट दुरुस्त करायचे किती, हे दर आधीच लिहून घ्या, आणि तुम्हाला फोटो दाखवून होकार घेतल्याशिवाय वाढीव काम नाही असं एक कलम घाला. न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि ५०० डॉलरवरच्या कामाचा करार लेखी लागतो; सही केल्यावर तीन दिवसांत तो रद्द करता येतो. नोंदणी क्रमांक तपासा. विम्याचा कागद विमा कंपनीकडूनच मागवा. आणि तुमच्या बजेटमध्ये ४६ च्या वर चार-पाच हजार बाजूला ठेवा. शंभरीला टेकलेल्या घराची भिंत उघडून काहीच निघालं नाही असं मी फार कमी वेळा पाहिलंय.

सासू-सासऱ्यांचं तिकीट झालं असेल तर काम एकतर ते यायच्या आत उरका नाहीतर ते परत गेल्यावर सुरू करा. जुलैत, सगळ्या खिडक्या बंद, बाहेर नेलगनचा खडखडाट आणि आत दोन पाहुणे व एक बाळ, हा बेत मला काही बरा वाटत नाही.

येत्या शनिवारी पाऊस नसेल तर एवढंच करा. हार्डवेअरच्या दुकानात 'झिप टूल' मिळतं, आठ-दहा डॉलरचं, चपटं, आकडा असलेलं. पोर्चचं छप्पर भिंतीला मिळतं त्या कोपऱ्याखालचं व्हिनाइल त्यानं सोडवा आणि हळूच उचला. फरशीला स्पर्श करू नका. काळपट ओघळ दिसतात का, वास कुबट येतो का, फरशीच्या खालच्या कडेतून डोकावणारं लाकूड गडद आहे का, ते बघा. फोनवर फोटो काढा, व्हिनाइल पुन्हा अडकवा, हात धुवा. तो फोटो दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला दाखवा आणि विचारा, इथे तुम्ही काय करणार? त्याच्या उत्तरात किकआउट हा शब्द आपणहून आला तर त्याच्याशी पुढे बोला.